लॉरिकीट: घरभर हसवणारा आणि भिंतभर शिटणारा पोपट

मोबाईलवर रील सरकवताना हा पक्षी कधी ना कधी समोर येतोच. निळं डोकं, शेंदरी-पिवळी छाती, हिरवेगार पंख आणि लालभडक चोच. उशीवर पाठ टेकून, दोन्ही पाय वर करून तो बाटलीच्या झाकणाशी कुस्ती खेळत असतो. मध्येच उठतो, बेडकासारख्या टुणटुण उड्या मारतो, मालकाच्या खांद्यावर चढून कानात काहीतरी पुटपुटतो. खाली कमेंट्सची रांग लागलेली असते: "हा कुठे मिळतो?", "केवढ्याला?", "मला पण हवाय!"

कॅमेरा थोडा डावीकडे वळला असता, तर भिंतीवर चिकटवलेलं प्लास्टिक, फरशीवर पसरलेली रद्दी आणि ओलं फडकं हातात घेऊन उभं असलेलं घरातलं दुसरं माणूसही दिसलं असतं.

हा पक्षी म्हणजे रेनबो लॉरिकीट. तो पाळणारे लोक एका दमात दोन गोष्टी सांगतात: याच्याइतका मजेशीर पक्षी नाही आणि याच्याइतका पसारा करणाराही नाही. गंमत अशी, की मजा आणि पसारा या दोन्हींचं मूळ एकच आहे. हा पोपट दाण्यांवर जगत नाही, तो फुलांवर जगतो. त्यामुळे "पसारा नको, फक्त मजा हवी" असा लॉरिकीट कुठल्याच दुकानात मिळत नाही.

नेमका कोण आहे हा?

रेनबो लॉरिकीट मूळचा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचा. उत्तर क्वीन्सलँडपासून खाली साउथ ऑस्ट्रेलियापर्यंत तो सर्रास दिसतो. लांबी शेपटीसकट साधारण २५ ते ३० सेंटिमीटर, वजन ७५ ते १५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही हलका. नर आणि मादी दिसायला सारखेच. नुसतं पाहून ओळखता येत नाही, पिसाची किंवा रक्ताची डीएनए चाचणी करावी लागते. लॉरी आणि लॉरिकीट हे पोपटांच्याच मोठ्या कुळातले. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया आणि आसपासच्या बेटांवर त्यांच्या अनेक जाती आहेत. पाळण्यासाठी लाल लॉरीसारख्या इतर जातीही विकल्या जातात, पण सगळ्यात ओळखीचा चेहरा रेनबोचाच.

ऑस्ट्रेलियात हा दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. 'बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया' ही संस्था २०१४ पासून दरवर्षी लोकांकडून अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी करून घेते, त्यात हाच पक्षी वर्षानुवर्षं पहिला येतो. संध्याकाळी शहरातल्या मोठ्या झाडांवर यांचे थवे मुक्कामाला उतरतात तेव्हा खाली उभं राहून फोनवर बोलणं अवघड होतं, आणि त्या झाडाखाली गाडी लावणाऱ्याला सकाळी पाण्याची बादली शोधावी लागते.

याच्या पाळीवपणाचा इतिहासही जुना आहे. १७७० मध्ये कॅप्टन जेम्स कुकचं 'एंडेव्हर' जहाज आजच्या सिडनीजवळच्या बॉटनी बे इथे थांबलं होतं. जहाजावर तुपाइया नावाचा एक पॉलिनेशियन दर्यावर्दी होता, ताहितीपासून कुकबरोबर निघालेला. बॉटनी बेमध्ये पकडलेला एक जिवंत लॉरिकीट त्याने आपल्याजवळ ठेवला. त्याच वर्षाच्या अखेरीस बटाव्हियामध्ये, म्हणजे आजच्या जकार्तामध्ये, तुपाइया आजारी पडून वारला. पक्षी मात्र जगला. जोसेफ बँक्स या निसर्ग अभ्यासकाने तो इंग्लंडला नेला, तिथे तो मार्माड्यूक टनस्टॉल या संग्राहकाकडे गेला आणि १७७४ मध्ये पीटर ब्राउनने त्याचं रंगीत चित्र छापलं. मालकाच्या मागे उरलेला लॉरिकीट हातोहात फिरतो, हे तेव्हापासून चालू आहे.

जिभेच्या टोकाला ब्रश

आपल्याकडचा राघू पेरू कुरतडतो, दाणे फोडतो, शेंगा सोलतो. त्याची जीभ जाड आणि साधी असते. लॉरिकीटच्या जिभेच्या टोकाला मात्र केसासारख्या बारीक तंतूंचा झुपका असतो. एरवी तो मिटलेला असतो. फुलात जीभ घातली की झुपका उभा राहतो आणि मकरंद आणि परागकण दोन्ही त्याला चिकटून येतात. निलगिरी, बॉटलब्रश, सिल्व्हर ओक ही त्याची आवडती झाडं. ही तिन्ही ऑस्ट्रेलियाचीच, पण आता आपल्याकडच्या बागांमध्ये आणि रस्त्यांच्या कडेलाही लावलेली दिसतात.

मकरंद म्हणजे साखरेचं पाणी, त्यातून ताकद मिळते. परागकणांतून प्रथिनं मिळतात. लॉरिकीटच्या खाण्यातली बरीचशी गडबड याच ठिकाणी होते, कारण बहुतेकांना पहिला अर्धा भाग आठवतो आणि दुसरा विसरतो.

दाणे खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात ते भरडणारा एक मजबूत स्नायूंचा भाग असतो, त्याला पेषणी म्हणतात. कोंबडीत ती चांगली जाड असते. लॉरिकीटची पेषणी त्या मानाने दुबळी, कारण रस भरडायची गरजच काय! पातळ अन्न आत जातं, झटपट पुढे सरकतं आणि उरलेलं पाणी बाहेर येतं. त्यामुळे हा पक्षी सतत खातो आणि दर काही मिनिटांनी शिटतो. ती शीटही घट्ट नसते, तिची पिचकारीच असते.

पिचकारी हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. राघूची शीट दांडीखाली टपकते, खालचा ट्रे ओढला की काम झालं. लॉरिकीट किंचित पुढे वाकतो, शेपटी उचलतो आणि मागच्या बाजूला आडवी धार सोडतो. धार पिंजऱ्याच्या गजांतून आरपार जाते आणि भिंत, पडदा, सोफा, टीव्ही यांपैकी जे जवळ असेल त्यावर बसते. उंच फांदीवरच्या पक्ष्याचं यात काही बिघडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत बिघडतं.

यात खाण्याचा पसारा वेगळा. लॉरिकीट रस पिताना डोकं जोरात झटकतो, चोच मिळेल त्याला पुसतो आणि फळाचा रस पिळून घेऊन चोथा फेकतो. खाण्याची वाटी आणि आंघोळीची वाटी यांत तो भेद करत नाही, मन झालं की रसातच डुबकी मारतो आणि मग अंग झाडतो. साखरेचे हे शिंतोडे वाळले की वॉर्निशसारखे घट्ट बसतात. नंतर खरवडले तर भिंतीचा रंग निघतो, ते जात नाहीत.

अनेक पालक त्याला ठरावीक जागी शिटायला शिकवायचा प्रयत्न करतात. झोपून उठल्यावर किंवा पिंजऱ्यातून बाहेर काढण्याआधी ठरावीक दांडीवर बसवायचं, काम झालं की शाबासकी द्यायची. काही पक्षी हे बऱ्यापैकी शिकतात. पण दर काही मिनिटांनी येणाऱ्या गोष्टीला शिस्त लावायला मर्यादा आहेत, आणि खेळात रंगलेल्या लॉरिकीटला ती दांडी आठवत नाही.

मग लोक तो पाळतात कशाला?

कारण घरात लॉरिकीट असला की कंटाळा राहत नाही. फुलं रोज एकाच झाडावर नसतात, म्हणून या पक्ष्याला सतत नवं काहीतरी शोधायची सवय असते. समोर आलेली प्रत्येक वस्तू तो उलटवून, चाटून, ढकलून बघणार. फुलं बारीक फांद्यांच्या टोकाला असतात, म्हणून उलटं लटकणं, एका पायावर झोके घेणं हे त्याला चालण्याइतकं सोपं. त्यात दिवसभर साखरेवर चालणारं इंजिन. पसारा करणारी जी व्यवस्था आहे, तीच या कसरतीही करते.

बहुतेक पोपट जमिनीवर फेंगडे चालतात, लॉरिकीट दोन्ही पाय जोडून उड्या मारतो. दुसऱ्या लॉरिकीटबरोबर किंवा माणसाच्या बोटांबरोबर तो खोटीखोटी मारामारी करतो: पाठीवर लोळायचं, पायांनी पकडायचं, हलकेच चावायचं, सोडून द्यायचं, परत यायचं. काही लॉरिकीट तर पाठीवर पडून झोपतातही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पक्षी गेला. मालक धावत येतो आणि पक्षी एक डोळा उघडून बघतो.

उत्तेजित झाला की मान ताणून, अंग डोलवत, फुसफुस करत तो नाचतो. डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होतात. पाण्याची तर भारी हौस. नळ सुरू झाल्याचा आवाज आला की मोरीकडे धाव. बोलायलाही शिकतो. आफ्रिकन ग्रे पोपटाइतका स्पष्ट नाही, पण बारीक, चिरक्या आवाजात नाव, शिट्टी, दाराची बेल, फोनची रिंग वगैरे उचलतो, आणि नेमकी नको त्या वेळी ऐकवतो.

माणसाशी लळा लागला की तो शर्टाच्या आत, केसांत, मानेमागे घुसून बसतो. तो लळा लागला की रोजच्या साफसफाईचा हिशोब लोक ठेवत नाहीत, निदान सुरुवातीची काही वर्षं तरी.

पाव, मध आणि एका फुलबागेची गोष्ट

लॉरिकीटच्या खाण्याबद्दल बोलताना क्वीन्सलँडमधल्या करम्बिनचा उल्लेख टाळता येत नाही. गोल्ड कोस्ट भागातल्या या गावात अॅलेक्स ग्रिफिथ्स नावाचे एक मधपाळ आणि फुलशेती करणारे गृहस्थ होते. रानातल्या लॉरिकीटांचे थवे त्यांच्या फुलांची नासाडी करायचे. १९४७ मध्ये त्यांनी पक्ष्यांना हाकलण्याऐवजी वेगळ्या जागी खायला घालायला सुरुवात केली, म्हणजे ते फुलांकडे जाणार नाहीत. पक्षी आले, मग पक्षी बघायला लोक आले. लोकांच्या डोक्यावर, हातावर, ताटल्यांवर शेकडो लॉरिकीट उतरू लागले आणि फुलबाग मागे पडून तिथे करम्बिन वन्यजीव अभयारण्य उभं राहिलं. १९७६ मध्ये ग्रिफिथ्स यांनी ते क्वीन्सलँडच्या नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. आजही पर्यटक तिथे ताटली धरून उभे राहतात.

सुरुवातीच्या काळात अशा ठिकाणी पाव आणि मधाचं पाणी घातलं जायचं. आता करम्बिनला खास तयार केलेलं पातळ खाद्य देतात, आणि हा बदल महत्त्वाचा आहे. पाव-मध, जॅम, साखरपाणी किंवा आपल्या भाषेत गुळाचं पाणी हे लॉरिकीट आनंदाने पितो, पोट भरलं असं त्याला वाटतं, आणि प्रथिनं आणि जीवनसत्त्वं न मिळाल्यामुळे तो हळूहळू खंगतो. शिवाय अशा गोड खाण्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि आतड्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. दूध-पोळीही नको, पक्ष्यांना दूध पचत नाही.

घरातल्या लॉरिकीटला मुख्य खाणं म्हणून लॉरीसाठीच बनवलेली तयार पावडर लागते. ती दोन प्रकारे देतात: पाण्यात कालवून पातळ, किंवा कोरडीच. कोरडी दिली तर शीट थोडी घट्ट होते आणि भिंतींचे हाल जरा कमी होतात, पण शेजारी ताजं पाणी सतत हवं. बरोबर सफरचंद, पपई, आंबा, डाळिंब, अंजीर अशी फळं आणि औषध न फवारलेली फुलं. बॉटलब्रशचा तुरा पिंजऱ्यात अडकवला, तर अर्धा तास करमणूक होते, पक्ष्याची आणि घरच्यांचीही. लॉरीवर्गीय पक्ष्यांच्या यकृतात लोह साठून आजार होऊ शकतो, म्हणून लोह जास्त असलेलं खाद्य टाळतात. सूर्यफुलाच्या बिया किंवा बाजरी एवढ्यावर ठेवलेला लॉरिकीट फार काळ निरोगी राहत नाही. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि दारू हे सगळ्याच पोपटांना विषारी.

कालवलेलं पातळ खाद्य उन्हाळ्यात काही तासांतच आंबतं. सकाळी भरलेली वाटी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली, तर त्यात बुरशी आणि जंतू माजतात, आणि चोचीपासून आतड्यापर्यंत यीस्टचा संसर्ग होतो. म्हणजे दिवसातून दोनदा तरी वाटी बदलायची आणि प्रत्येक वेळी गरम पाण्याने घासायची. दिवसभर घर बंद ठेवून कामावर जाणाऱ्यांसाठी हा पक्षी इथेच अवघड होतो. शिवाय ही पावडर आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर सहज मिळेलच असं नाही, त्यामुळे पक्ष्याआधी पावडरची चौकशी करावी.

घर कसं लावायचं?

पहिला नियम: पिंजरा भिंतीला टेकवायचा नाही. मागे आणि दोन्ही बाजूंना अॅक्रेलिकचे किंवा जाड प्लास्टिकचे पत्रे लावतात, पत्रे काढून धुता येतील असे. भिंतीला ऑइल पेंट किंवा टाइल्स असतील तर उत्तम, साधा डिस्टेंपर सहा महिने टिकणार नाही. पिंजऱ्याखाली, पिंजऱ्यापेक्षा बराच मोठा भाग झाकेल एवढी रद्दी किंवा धुता येणारी चटई. गालिचा असेल तर तो दुसऱ्या खोलीत. ऑस्ट्रेलियात अनेकजण अंगणात जाळीच्या तळाचे उंच टांगलेले पिंजरे वापरतात, घाण थेट खाली पडते आणि पाइपने धुऊन टाकता येते. फ्लॅटमध्ये ही चैन नाही. गॅलरी असेल तर तिथली ऊन, वारा, मांजर आणि कावळा यांची सोय आधी बघावी लागते.

दुसरा नियम: वाळलेली शीट कोरड्या झाडूने झाडायची नाही. आधी कोमट पाण्याने भिजवायची, मग पुसायची. यामागे फक्त डाग निघणं एवढंच कारण नाही. पोपटांच्या विष्ठेतून सिटॅकोसिस नावाचा जंतुसंसर्ग माणसाला होऊ शकतो, तो वाळलेल्या शिटेच्या धुळीतून श्वासावाटे जातो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया अशी लक्षणं दिसतात. योग्य प्रतिजैविकांनी तो बरा होतो, पण घरात पक्षी आहे हे डॉक्टरला सांगितलं तरच त्यांच्या डोक्यात ती शंका येते. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हा विचार आधी करायचा.

गोड रस म्हणजे मुंग्या आणि झुरळं आलीच. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याचा जुना उपाय चालतो. कीटकनाशकाचा स्प्रे मात्र पक्ष्याच्या खोलीत चालत नाही. स्वयंपाकघराजवळही पिंजरा नको: नॉनस्टिक तवा रिकामाच जास्त तापला तर त्यातून निघणारा वायू काही मिनिटांत पक्ष्याचा जीव घेऊ शकतो. उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती यांचा धूरही त्याच्या फुप्फुसांना जड जातो. आणि पक्षी बाहेर असताना छताचा पंखा बंद, यात तडजोड नाही.

दात नसलेला चावरा

दीड-दोन वर्षांचा झाला की लॉरिकीट वयात येतो आणि कालपर्यंत मांडीवर लोळणारा पक्षी आज पिंजऱ्यात हात घातला की झेप घेऊन चावतो. चोच टोकदार असते, रक्त येतं. तो पिंजऱ्याला, वाटीला, कधी घरातल्या एखाद्या माणसाला आपली मालमत्ता समजू लागतो आणि दुसऱ्यांवर धावून जातो. घरात बजरीगार किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांना लॉरिकीटबरोबर एका पिंजऱ्यात ठेवणं जिवावर बेतू शकतं. याला ओरडून उपयोग नाही, मार तर नाहीच. हात मागे घ्यायचा, लक्ष काढून घ्यायचं आणि थोड्या वेळाने शांतपणे परत जायचं, एवढंच चालतं.

आवाजाबद्दल थोडक्यात: धातूवर धातू घासल्यासारखा, आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेला. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

एकटा ठेवलेला लॉरिकीट दिवसाचे काही तास माणसाची सोबत मागतो. ती मिळाली नाही तर तो स्वतःची पिसं उपटू लागतो. जोडी ठेवली तर दोघं एकमेकांत रमतात, माणसाशी लळा थोडा कमी होतो आणि पसारा दुप्पट होतो. नीट सांभाळला तर हा पक्षी १५ ते २० वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगतो. दहावीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला लॉरिकीट त्या मुलाच्या लग्नातही असणार, आणि मधली सगळी वर्षं वाटी कोण धुणार हे बहुतेक घरांत पहिल्या महिन्यातच ठरून जातं.

आजारी कसा ओळखायचा?

इतर पोपटांत पातळ शीट हे आजाराचं लक्षण असतं. लॉरिकीटची शीट मुळातच पातळ, त्यामुळे नवख्या मालकाला फरक कळत नाही. म्हणून निरोगी असताना तिचा रंग आणि प्रमाण कसं असतं, हे रोज बघून ठेवावं लागतं. पिसं फुगवून तळाशी बसणं, खाणं सोडणं, शेपटी हलवत श्वास घेणं, नेहमीचा दंगा अचानक थांबणं ही धोक्याची चिन्हं. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, त्यामुळे "उद्या बघू" म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य सगळीकडे नसतात, जवळचा कुठे आहे हे पक्षी आणण्याआधी शोधून ठेवलेलं बरं.

सोशल मीडियावर "दारू पिऊन झिंगलेला पोपट" म्हणून लॉरिकीटचे व्हिडिओ फिरतात: पाय ओढत चालणारा, कलंडणारा, उडता न येणारा. लोक हसण्याच्या इमोजी टाकतात. क्वीन्सलँडचा आग्नेय भाग आणि न्यू साउथ वेल्सचा ईशान्य भाग इथे साधारण २०१२ पासून दर उन्हाळ्यात असे हजारो पक्षी सापडतात. या आजाराला लॉरिकीट पॅरालिसिस सिंड्रोम म्हणतात. त्यात पाय, पंख, गिळणं, कधी पापण्या मिटणंही थांबतं. एखाद्या वनस्पतीतल्या विषामुळे तो होत असावा असा संशोधकांचा संशय आहे. वेळेत उपचार मिळाले तर बरेच पक्षी सावरतात, न मिळाले तर मरतात.

कंटाळा आला म्हणून सोडून दिला तर?

"आकाशात सोडून दिला, आता सुखी असेल" हे ऐकायला छान वाटतं. १९६० च्या दशकात पर्थमध्ये, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या आसपास काही लॉरिकीट सुटले किंवा सोडले गेले. त्यांची संख्या दहाच्या आतच असावी असं मानतात. देश तोच असला तरी पर्थ हा त्यांचा मुलूख नव्हता, मध्ये अख्खं वाळवंट आहे. आज तिथे त्यांचे हजारोंचे थवे आहेत. झाडांच्या ढोलींमधून ते स्थानिक पक्ष्यांना हुसकावतात, फळबागांची नासाडी करतात, आणि त्या राज्यात त्यांना अधिकृतपणे उपद्रवी पक्षी घोषित केलेलं आहे. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात ऑकलंड परिसरात कोणीतरी लॉरिकीट सोडले, तिथल्या संवर्धन विभागाला ते एकेक करून पकडायला माणसं लावावी लागली.

आपल्याकडे सोडलेल्या लॉरिकीटचं बहुधा उलटं होतं. पिंजऱ्यात वाढलेला, वाटीतली पावडर खाणारा हा रंगीत पक्षी कावळे आणि घारींच्या तावडीत सापडतो किंवा उपाशी मरतो.

भारतात पाळायची परवानगी आहे का?

आहे, पण "परदेशी पक्ष्याला कसलाच कायदा नाही" हे दुकानदाराचं वाक्य आता खरं नाही. राघू, पहाडी पोपट यांसारखे आपले देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातींसाठी या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या 'साइट्स' कराराच्या यादीतले प्राणी-पक्षी त्यात वेगळ्या परिशिष्टात घेतले आहेत. मोजक्या काही जाती सोडल्या तर जगातले सगळे पोपट त्या यादीत येतात, लॉरिकीटसुद्धा. २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. पक्षी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी ते कळवायचं असतं.

ऑस्ट्रेलियाने आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात अनेक दशकांपूर्वीच बंद केली आहे. त्यामुळे "थेट ऑस्ट्रेलियाहून आलाय" असं कोणी सांगत असेल तर एक तर ते खोटं आहे किंवा पक्षी तस्करीतला आहे. इथे विकले जाणारे रेनबो लॉरिकीट पिंजऱ्यात जन्मलेले असायला हवेत आणि त्याची कागदपत्रं विक्रेत्याकडे असायला हवीत. बिल, पक्ष्याच्या पायातली बंद कडी आणि नोंदणीचा तपशील मागावा. पिसं न फुटलेलं, हाताने भरवायचं पिल्लू "लळा जास्त लागतो" म्हणून नवख्याच्या गळ्यात मारतात. ते घेऊ नये, चुकीचं तापमान किंवा चुकीचं भरवणं यामुळे अशी पिल्लं घरी मरतात.

आणि पैसे देण्याआधी, ज्यांच्याकडे आधीच लॉरिकीट आहे त्यांच्या घरी एक अख्खा दिवस काढावा. सकाळची वाटी भरण्यापासून संध्याकाळचं फडकं मारेपर्यंत. जाताना अंगात जुना टी-शर्ट असू द्यावा.